राखून ठेवलेलं कडवं

८ फेब्रुवारी २०२५

तरन्नुमने ही डायरी आणून दिली. ती पतसंस्थेत नोकरीला आहे, तिथे गेल्या वर्षी वाटून उरलेली. तारखा बरोबर आहेत, वार चुकतात. म्हणून मी वार लिहिणार नाही. कोणत्या वारी गप्प बसलो, याने तसाही काय फरक पडतो?

काल भूल देऊन घशात दुर्बीण घातली आणि एक तुकडा तपासायला काढला. अहवाल येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, असा हुकूम आहे. दिवाळीपासून आवाज बसला आहे. आधी वाटलं थंडी, मग वाटलं गादीच्या दुकानातला कापसाचा भुगा. चाळीस वर्षं ज्येष्ठमध चघळून गायलो, यंदा ज्येष्ठमधाने दाद दिली नाही.

"अब्बा, बोलना नहीं. जो भी है, इसमें लिखो," तरन्नुम म्हणाली. नाव तरन्नुम, पण पोरीला गाण्याची एक ओळ सुरात येत नाही. नाव मीच ठेवलं, दोष कुणाला देणार?

बायकोला, हमीदाला, पाटीवर लिहून चहा मागितला. तिने कप ठेवला आणि म्हणाली, "चालीस साल में पहली बार घर में शांती है जी." हसायचीही चोरी आहे, कारण हसलं की आवाज होतो.

९ फेब्रुवारी

आज मोजले. जत्रेला बासष्ट दिवस राहिले.

डायरी पुढे कुणी वाचलीच तर त्याला कळावं म्हणून सगळं नीट लिहितो. आंबेदरी हे वणीच्या अलीकडे डोंगराच्या पोटातलं गाव. तिथे चैत्री पुनवेला जाखमातेची जत्रा भरते आणि दुपार कलली की कलगी-तुऱ्याचा सामना होतो. कलगीवाले आदिमायेला मोठी मानतात, आम्ही तुरेवाले शिवाला. एका फडाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब तिथल्या तिथे आला नाही तर एका वर्षाची मुदत मिळते. वर्षानेही आला नाही तर डफ देवीच्या दारात ठेवायचा, आणि त्या फडाने पुन्हा आंबेदरीत उभं राहायचं नाही. माझा फड तिथे तीन पिढ्या गातो आहे. मी, माझे वस्ताद वाल्मीक आणि त्यांचे वस्ताद.

गेल्या वर्षी कलगीच्या लहानूने मला सवाल टाकला. लहानू बहात्तर वर्षांचा, द्राक्षबागवाला, तीस वर्षांचा माझा वैरी. म्हातारा खवचट. माझी जात बघूनच त्याने सवाल बांधला होता:

नव्हती सरकी, नव्हतं बोंड, नव्हता पिंजारी,
आदिमाया नेसली कसली साडी जरतारी?
सांग सभेला तुरेवाल्या, नाहीतर डफ ठेव दारी!

सगळी सभा हसली. मीही हसलो, कारण सवाल चांगला होता. आणि मला जवाब आला नाही.

सहा महिने डोकं खाजवलं. दिवाळीच्या तोंडावर जवाब सापडला. पाच कडवी आहेत. शेवटचं असं:

अंधाराचा होता कापूस, नादाची पिंजण,
तात वाजली पहिल्यांदा, ते पहिलं कातण,
तेच नेसली आदिमाया, ऐका सारे जण,
दगडू पिंजारी सांगे, त्याला पिंजाऱ्याची आण.

शब्द मला आवडले. पण खरी गंमत चालीत आहे. माझा बाप पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची लाकडी कमान, खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचा. तिची तात, ताणलेली आतड्याची दोरी, ठोकली की एक घुमारा उठायचा, खाली जायचा आणि जमिनीत मुरायचा. तो घुमारा मी चालीत बसवला आहे. पहिली चार कडवी आमच्या नेहमीच्या चालीत, पाचवं एकदम वेगळं. ते कुणीही ऐकलेलं नाही. दुकानाचं शटर ओढून मी एकट्याने तीन वेळा गायलो, तेवढंच.

या जत्रेत लहानूचं तोंड बघायचं आहे मला. बाकी काही नको.

१५ फेब्रुवारी

अहवाल आला. मी बाहेर बाकावर, हमीदा आणि तरन्नुम आत, असा अर्धा तास गेला. बाहेर आल्यावर तरन्नुम म्हणाली की छोटीशी गाठ आहे, मार्चमध्ये काढतील. आणि डॉक्टरांनी सांगितलं आहे, आता बोललं तरी चालेल, गायलं तरी चालेल, हवं तेवढं गा.

म्हणजे घसा सुधारतो आहे. उगाच घाबरलो होतो.

रिक्षात हमीदाने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. लग्न झाल्यापासून कधी असा हात धरला नव्हता. म्हातारपणी बाईला प्रेम सुचलं आहे.

परवानगी मिळाली तरी मी गाणार नाही. सगळा आवाज जत्रेसाठी साठवायचा ठरवलं आहे.

१८ फेब्रुवारी

बारकू आला. बारकू माझा शिष्य, चाळिशीचा, मोहाडीकडचा. भाजीपाल्याची पिकअप चालवतो आणि तेरा वर्षं माझ्यामागे झील धरतो. म्हणजे मी ओळ टाकली की ती उंच सुरात उचलायचं काम त्याचं. मला "वस्ताद" म्हणतो. गुणी आहे, पण आज त्याचं लक्षण ठीक दिसलं नाही.

नवाकोरा मोबाईल घेऊन आला होता. म्हणाला, "वस्ताद, तुमची समदी गाणी यात भरून घेतो. एकबी सोडायचं नाय."

"कशाला?" मी विचारलं.

"असंच. लय दिसांपासून मनात हाय."

असंच कुणी नवा मोबाईल घेत नाही. हल्ली पोरं दुसऱ्याची गाणी मोबाईलवरून जगाला दाखवतात आणि खाली स्वतःचं नाव घालतात. बारकू तसला नाही, असं मी कालपर्यंत छातीठोक सांगितलं असतं.

हमीदा मध्ये पडली, "गाओ ना जी. बेचारा इत्ती दूर से आया." ज्या बाईने चाळीस वर्षं "बस करो अब" म्हटलं ती आज गायला सांगते आहे. सगळे मिळून माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायला बसलेत असं वाटतं.

२१ फेब्रुवारी

तीन दिवस गायलो. एकतीस गाणी झाली. आवाज फाटका, पण बारकू म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, तसाच ऱ्हाऊ द्या." शेवटी त्याने जत्रेचा जवाब मागितला. चार कडवी गाऊन दिली. पाचवं नुसतं वाचून दाखवलं.

"वस्ताद, याची चाल?"

"जत्रेत."

"आत्ता द्या ना. मी कुणाला ऐकवत नाय. देवीची शप्पत."

आमच्या फडाची रीत त्याला माहीत आहे. वस्ताद शिष्याला सगळं देतो, पण शेवटचं कडवं राखून ठेवतो. शब्द द्यायचे, चाल नाही. ज्या दिवशी शिष्याला फेटा बांधायचा त्या दिवशी भर सभेत त्याच्या कानात ती चाल गुणगुणायची. वाल्मीक वस्तादांनी मला अकरा वर्षं लटकवलं होतं. यंदाच्या जत्रेत जवाब दिल्यावर बारकूला फेटा बांधायचा हे मी मनात पक्कं केलं आहे. पण ते त्याला आधी का सांगायचं? आणि असं मागून घेतलेलं देऊ का?

"जत्रेत म्हटलं ना," मी जरा जोरातच बोललो.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वस्ताद, जत्रेचं कुणी..." एवढं म्हणेपर्यंत तरन्नुमने त्याला आतून हाक मारली. आत बराच वेळ दोघं हळू आवाजात बोलत होते. जाताना माझ्या पाया पडला. रागावला असावा. रागावू दे, चाल मिळणार नाही.

२६ फेब्रुवारी

आज कमाल झाली. लहानू घरी आला! तीस वर्षांत माझ्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नव्हता. नातवाच्या गाडीतून आला, बागेतल्या द्राक्षांची पेटी घेऊन.

बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "पिंजाऱ्या, जवाब झालाय म्हणं."

"झालाय, आण्णा. पुनवेला ऐकायला मिळेल."

"आत्ता ऐकव की. पुनव कुढं पळून चाललीय? मी एकटाच हाय. कुणाला सांगत नाय."

काय पण धीट माणूस! जवाब आधी ऐकायचा, त्यावर उलटा सवाल बांधायचा आणि जत्रेत मला पुन्हा आडवं पाडायचं. मी हसलो आणि द्राक्षं खाल्ली.

"बरं मग असं कर," तो म्हणाला, "मी सवालच मागं घेतो. सभेत सांगतो, लहानू चुकला. तुझा डफ तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

मला इतका राग आला की घसा दुखेपर्यंत बोललो. भीक नको म्हणालो. तुमचा सवाल माझ्या छातीवर वर्षभर बसला आहे आणि तो मी गाऊनच उतरवणार, असं सांगितलं. तो ऐकून घेत होता. उठताना मात्र त्याने माझ्या गळ्यावर हात ठेवला, आपण तान्ह्या मुलाच्या डोक्यावर ठेवतो तसा, आणि निघून गेला.

म्हातारा नाटकी आहे. पण हात ठेवला तेव्हा मला बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू?

२ मार्च

आज पहिला रोजा. हमीदाने मला धरू दिला नाही. म्हणे, दवाई चालू आहे. तिने आणि तरन्नुमने धरला. मी भर दुपारी स्वयंपाकघरात एकटा वरणभात खाल्ला, चोरासारखा.

जिना चढताना हल्ली शिट्टीसारखा आवाज येतो छातीतून. गाठ निघाली की जाईल.

९ मार्च

हाताला सलाईन लावलं आहे. वाचता येईल तेवढं लिहितो.

परवा दुकानात श्वास अडकला. कापूस पिंजायचं मशीन चालू होतं, हाक कुणाला ऐकू जाईना. शेजारच्या पानवाल्याने रिक्षात घातलं. पुढचं आठवत नाही. जागा झालो तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. हमीदाला हाक मारायला तोंड उघडलं. काहीच नाही. कुजबूजसुद्धा नाही. हवा त्या नळीतूनच आत येते आणि नळीतूनच बाहेर जाते. तोंडापर्यंत पोचत नाही.

पाटीवर लिहिलं, नळी कधी काढणार? तरन्नुमने पाटी पुसून बाजूला ठेवली.

१० मार्च

डॉक्टरांनी आज मला स्वतः सांगितलं. कॅन्सर आहे. परवा ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचायची आशा चांगली आहे. आवाज पुन्हा येणार नाही.

मी लिहिलं, कधी कळलं? ते म्हणाले, पंधरा फेब्रुवारीला.

ही डायरी पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. सगळ्यांना माहीत होतं. हमीदाला, तरन्नुमला, बारकूला. लहानूलाही माहीत होतं! तो ऐकायला आला होता. माझा वैरी डोंगर उतरून मला ऐकायला आला आणि मी त्याला सुनावत बसलो. बारकू मोबाईल पुढे धरून तीन दिवस बसला आणि मी त्याला चोर समजलो.

का नाही सांगितलं मला? मी सगळं गायलो असतो! रस्त्यावर उभा राहून गायलो असतो! तरन्नुमला पाटीवर हे लिहून दाखवलं तर ती म्हणाली, "डॉक्टर बोले थे, हिम्मत टूटेगी तो इलाज नहीं होगा." मी पाटी भिंतीवर फेकली. ती फुटली. नवी आणायला पोरगीच गेली.

ऑपरेशनच्या कागदावर सही करताना सवयीने "शाहीर दगडू पिंजारी" लिहून गेलो. दुसरा कागद आणू का, असं नर्सने विचारलं. मी मान हलवली, नको.

११ मार्च

डॉक्टरांना विचारलं, पाच मिनिटं भोक बंद करता येईल का? चार ओळी गायच्या आहेत. त्यांना वाटलं मी गंमत करतो. मग म्हणाले, "शाहीर, वरची वाट गाठीने बंद झालीय. भोक बंद केलं तर श्वासच बंद होईल."

दुपारी बारकू आला. त्याला मोबाईल चालू करायची खूण केली. तो नको नको म्हणत होता. मी बोट दाबलं नळीवर आणि जोर लावला. अंधाराचा. फक्त एक शब्द निघू दे, या अल्ला, फक्त एक. छाती फुगली, डोळ्यांपुढे काळोखी आली, कानात भोंगे वाजायला लागले. नर्सने माझा हात हिसडला आणि दोघांनाही फाडून खाल्लं.

बारकूने नंतर मोबाईल कानाला लावून ऐकलं. मी विचारलं, काही आलं? तो म्हणाला, "पलंग वाजतोय, वस्ताद."

२३ मार्च

जिवंत आहे. जेवणासाठी घातलेली नाकातली नळी काल काढली. गळ्याच्या पुढे कायमचं भोक. त्यावर फडकं बांधायचं असतं.

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा झोपेत घोरतो. किती श्रीमंत माणूस आहे!

२६ मार्च

घरी आलो. बारकू रोज येतो. तो एक चाल गुणगुणतो, मी मान हलवतो. नाही. दुसरी. नाही. "इथं खाली जायचं का, वस्ताद?" हो. "एवढं?" आणखी. "असं?" नाही, तसं नाही.

पहिली ओळ जवळजवळ धरली. मी टाळी वाजवली. मग दुसऱ्या ओळीला गेला आणि परत आला तेव्हा पहिलीही सुटली. दोघांचेही कपडे घामाने भिजले. तेरा वर्षं हा माणूस माझ्यामागे गातोय आणि मला चार ओळी त्याच्यापर्यंत नेता येत नाहीत.

बापाची पिंजण माळ्यावर नाही का, असं बारकूने विचारलं. ती मीच विकली, मशीन घेतलं त्या वर्षी.

२८ मार्च

तरन्नुमने मोबाईलवर पेटीचं चित्र आणलं. बोट लावलं की सूर वाजतो. "अब्बा, ढूंढो ना इसमें." दोन तास ढुंढलं. मी आयुष्यात पेटीला हात लावलेला नाही. आमच्याकडे डफ, झांज आणि तुणतुणं. माझा सा कुठे बसतो ते मला ठाऊक नाही, तो पोटातून यायचा. शिवाय तातीचा घुमारा एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर घसरत जातो. या पेटीत घसरायला जागाच नाही, नुसत्या पायऱ्या.

तरन्नुम शेवटी स्वतःच गुणगुणायला लागली. बेसूर. मी ऐकत राहिलो. लहानपणापासून तिला गाऊ नकोस म्हणून टोकलं, त्याची आज लाज वाटली.

३१ मार्च

ईद. नमाजला गेलो. सगळे आमीन म्हणाले, माझे नुसते ओठ.

हमीदाचा भाऊ गळाभेट घेऊन कानात म्हणाला, "दूसरों की देवी के गाने गाए, ऊपरवाले ने गला ले लिया." संध्याकाळी आंबेदरीहून बारकूचा फोन. तिथेही एकजण म्हणत होता, देवीपेक्षा शिव मोठा म्हणत होता, भोवलं. दोन्हीकडचं निदान एक. डॉक्टर मात्र विड्या किती ओढायचा ते विचारत होते, आणि विड्या मी खरंच पुष्कळ ओढल्या.

शीरखुर्म्याचे दोन चमचे खाल्ले. मग गच्चीवर गेलो आणि कठड्याशी उभा राहिलो. मरावं असं वाटलं. हे फक्त इथे लिहितो. हमीदा मागून आली, वाळत घातलेली चादर माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "उधर का कोना पकड़ो." दोघांनी मिळून घडी घातली आणि खाली आलो.

५ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला घाबरतो.

सकाळी डोळे मिटून मनातल्या मनात पाचवं कडवं म्हणायला गेलो, आणि बारकूची चाल आली. त्या दिवशी त्याने म्हणून पाहिलेली, चुकलेली. तिला ढकलून दिलं तर दुसरी आली, तीही त्याचीच. मग तरन्नुमची बेसूर. माझी कुठे आहे? दुकानात जाऊन शटर ओढलं आणि तिथे उभा राहिलो, जिथे तीन वेळा गायलो होतो. पहिल्या ओळीचं शेपूट आलं आणि गेलं.

राखून ठेवली म्हणून सुरक्षित राहील असं मला वाटत होतं.

८ एप्रिल

लहानूचा निरोप आला. सवाल मागे घ्यायची तयारी अजून आहे, डफ ठेवायची गरज नाही. या वेळी राग आला नाही. पण पाटीवर लिहून बारकूला दिलं, त्याने मोबाईलवर फोटो काढून पाठवला: "आण्णा, सवाल राहू द्या. माझा फड जवाब देईल."

मग बारकूकडे वळून लिहिलं: "तू गाणार."

"आन् पाचवं?" त्याने विचारलं.

मी लिहिलं: "ते बघू." मला काहीच माहीत नाही. त्याला वाटलं, वस्तादांनी काहीतरी ठरवलं आहे. तेरा वर्षांची सवय आहे त्याला माझ्यावर विश्वास ठेवायची.

१३ एप्रिल

काल जत्रा झाली.

बारकूच्या पिकअपमध्ये पुढे बसून गेलो. हमीदाही आली, पहिल्यांदाच. गळ्याला तिने ओलं फडकं बांधून दिलं होतं. आंबेदरीत मंडपाखाली माणूस मावत नव्हता. लोक माझ्याकडे बघायचे आणि मग गळ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करायचे.

लहानू उभा राहिला आणि गेल्या वर्षीचा सवाल पुन्हा गायला. शेवटच्या ओळीला अडखळला. "डफ ठेव दारी" हे त्याच्या तोंडून निघेना. दोनदा थांबला, मग म्हटलं.

आमची पाळी आली. मी बारकूला पुढे घेतलं आणि फेटा बांधला. जवाबाच्या आधीच. मागचे लोक पुढे सरकले, कारण जुन्या लोकांना रीत माहीत आहे. बारकू मान खाली घालून उभा. मी वाकलो, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि ओठ हलवले. अंधाराचा होता कापूस. चारही ओळी म्हटल्या. फडक्यातून हवा फसफसली, बाकी काही नाही. संपल्यावर मी सरळ झालो, तर त्याने मान हलवली, ऐकल्यासारखी, आणि डफ उचलला.

चार कडवी आमच्या नेहमीच्या चालीत झाली. पाचव्याच्या आधी त्याने डफ थांबवला आणि डोळे मिटले. मग त्याने ओळ टाकली. ती चाल मी कधी ऐकली नव्हती. माझ्या घरी म्हणून पाहिलेल्या पन्नास चालींपैकी एकही नव्हती. माझी खाली उतरायची, ही वर चढत गेली. "पिंजाऱ्याची आण" वर तर अशी ठेवली की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझी नव्हती, एवढं नक्की समजलं. माझी कशी होती, ते मात्र आता मला सांगता येणार नाही.

लहानू उठला. "जवाब आला," म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सभा उभी राहिली. आमचा डफ आमच्याकडे राहिला.

मग तो माझ्याजवळ येऊन खाली बसला. "पिंजाऱ्या, हीच व्हय ती? माझ्यापून लपवली व्हती ती?"

बारकू पलीकडे उभा होता. फेटा कपाळावर घसरलेला, डोळे माझ्या पाटीवर. भोवती शंभर माणसं. सगळ्यांनी मला त्याच्या कानाशी वाकताना बघितलं होतं.

मी खडू घेतला. लिहिलं: हीच.

बारकू मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. लहानूने त्याची पाठ थोपटली आणि म्हणाला, "पोरा, जपून ठेव. वस्तादाची हाय."

पुढच्या वर्षीपासून आंबेदरीत ती दगडू पिंजाऱ्याची चाल म्हणून गातील. मी ती काल पहिल्यांदा ऐकली.